उतरताना गुडघे दुखतात? सह्याद्रीत ट्रेकिंग पोल असे वापरा

किल्ला चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे धरतात, हा अनुभव सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेकांना येतो. चाळिशी ओलांडलेल्यांना तर हमखास. मग कोणीतरी ट्रेकिंग पोल, म्हणजे चालताना दोन्ही हातांत धरायच्या काठ्या, घ्यायला सुचवतं. दुकानातून जोडी येते, पहिल्या ट्रेकला हातात असते, अर्ध्या वाटेत तिची अडचण व्हायला लागते आणि पुढे ती सॅकला लटकून परत येते. गुडघे दुखायचे ते दुखतातच.

माझे गुडघे उतारावर त्रास द्यायला लागले तेव्हापासून मी पोल वापरतो आहे, आणि आता त्यांच्याशिवाय मोठा उतार उतरत नाही. पोलांचा खरा उपयोग व्हायचा तर दोन गोष्टी जमायला हव्यात. उतारावर पाऊल टाकायच्या आधी पोलांवर भार देता आला पाहिजे. आणि जिथे हात मोकळे हवेत तिथे पोल लगेच मिटून सॅकमध्ये घालता आले पाहिजेत. दुसरी गोष्ट आपल्याकडे पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण इथे एकाच वाटेवर शेताचा बांध, कारवीचं रान, घसारा (सुटी माती आणि खडी), कातळटप्पा आणि लोखंडी शिडी असं सगळं तासाभरात भेटतं.

1. दुखणं कुठलं आहे ते आधी ओळखा

उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन खाली येतं आणि ते अडवायचं काम मांडीचे पुढचे स्नायू करतात. गुडघा वाकत असतो, स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि त्या ओढीने गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. पायरी जितकी उंच तितका गुडघा जास्त वाकतो आणि दाब वाढतो. तासाभराने मांड्या थरथरायला लागल्या की त्या वजन नीट अडवू शकत नाहीत, पाऊल आदळायला लागतं आणि सांध्याला धक्के बसतात. पाठीवर मुक्कामाची सॅक असेल तर हे सगळं लवकर सुरू होतं.

पोल यातला काही भार खांदे, दंड आणि पाठीकडे वळवतात. 1999 साली ‘जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस’मध्ये आलेल्या एका अभ्यासात 25 अंशांच्या उतारावर पोल घेऊन आणि पोलांशिवाय चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचे भार मोजले होते. वेगवेगळ्या मापांत ते 12 ते 25 टक्क्यांनी कमी आढळले. प्रत्येक पावलामागे एवढी सवलत मिळाली, तर तीन-चार तासांच्या उतरणीत फरक कळतोच. मात्र शरीराची एकूण मेहनत यामुळे कमी होत नाही. हातही कामाला लागतात, त्यामुळे श्वास उलट थोडा जास्तच लागतो. पोल घेतले म्हणजे दम कमी लागेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि हे आधीच सांगतो: गुडघ्याला सूज येत असेल, चालता चालता तो अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर पोल घ्यायच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसता उतरताना वाटीच्या आसपास दुखणारा गुडघा आणि आतून फाटलेला गुडघा यात फार फरक आहे. पोलांचा आधार घेऊन दुसऱ्या प्रकारचा गुडघा फरफटत नेऊ नका.

2. काय काय लागेल

- पोलांची जोडी, लांबी कमी-जास्त करता येणारी
- टोकांवर बसवायच्या रबरी टोप्या, एक जोडी जास्तीची (चिखलात हमखास हरवतात)
- पावसाळ्यासाठी छोट्या बास्केट, म्हणजे टोकाच्या वर बसणाऱ्या चकत्या
- सॅकला पोल बांधायला पट्टा किंवा इलॅस्टिकची दोरी
- लांबी पक्की धरणाऱ्या लॉकला स्क्रू असेल तर छोटा स्क्रूड्रायव्हर किंवा चालेल असं नाणं
- चांगली पकड असलेले बूट

शेवटची गोष्ट यादीत मुद्दाम घातली आहे. तळवे गुळगुळीत झालेले बूट घालून पोलांच्या भरवशावर उतरू नका. आधार पायांचा असतो, पोल मदतीला असतात.

3. विकत घेताना

दुकानात सगळ्यात आधी लॉक बघा. दोन प्रकार मिळतात: नळी पिळून आवळायचं लॉक आणि बाहेरून दाबायची खटक्याची पट्टी. खटक्याचं घ्या. पिळायचं लॉक स्वस्त असतं, पण ओल्या, चिखलाच्या हातांनी ते पुरेसं आवळलं जात नाही, आत माती गेली की घसरतं, आणि नीट बसलं आहे की नाही ते नुसतं बघून कळत नाही. खटका बसला की दिसतो. पोल हातात घ्या, खटका लावा, टोक जमिनीवर टेकवून शरीराचं वजन टाका. नळी किंचितही आत सरकली तर खटक्याचा स्क्रू थोडा आवळून पुन्हा बघा. खटका बंद करताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. एका बोटाने सहज मिटणारा खटका सैल आहे. खरेदीत सगळ्यात जास्त वेळ या तपासणीला द्या, कारण उतारावर पूर्ण भार टाकल्यावर मिटणारा पोल हातात पोल नसण्यापेक्षा वाईट.

नळी ॲल्युमिनियमची की कार्बन फायबरची? नवशिक्यांनी ॲल्युमिनियमची घ्यावी. कार्बन हलकं असतं, पण दोन दगडांच्या फटीत टोक अडकून आडवा जोर आला की तडकतं. ॲल्युमिनियम वाकतं, आणि वाकलेल्या पोलाने गावापर्यंत तरी येता येतं. आपल्या वाटांवर फटी पावलोपावली आहेत.

मिटल्यावरची लांबी बघायला विसरू नका. एकात एक सरकणारा तीन भागांचा पोल मिटून साधारण 60 ते 65 सेंटीमीटर उरतो आणि सॅकच्या वर डोकावतो. राजगडाच्या चोर दरवाजातून वाकून आत शिरताना तो वर अडकतो. आत दोरी असलेले, तुकडे दुमडून ठेवायचे पोल 35 ते 40 सेंटीमीटरचे होतात आणि सॅकच्या आतही मावतात, पण महाग असतात, आणि काहींची लांबी ठरलेलीच असते. लांबी बदलत नसेल तर ते गुडघ्यांसाठी घेऊ नका.

मूठ फोमची किंवा कॉर्कची असावी. निव्वळ रबराची मूठ घामाने चिकट होते. नळीतल्या स्प्रिंगसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. मनगट दुखत असेल तर थोडा आराम मिळतो, एवढंच. किंमत बघताना ती एका पोलाची आहे की जोडीची ते विचारा, कारण दोन्ही पद्धती चालतात.

गावात मिळणारी बांबूची काठी चालेल का? चालते, आणि कुत्री-माकडं असतील तिथे तिचा दराराही असतो. पण एकाच हाताने आधार घेतला की शरीर एका बाजूला झुकतं, आणि काठीची लांबी बदलता येत नाही. चढासाठी ठीक, लांब उतरणीसाठी जोडीच हवी. काठी घेतलीत तर परतताना खाली परत करा, आणि कारवीची ओली फांदी तोडून काठी करू नका.

4. उंची लावणं

सपाट जमिनीवर बूट घालून उभे राहा, पोलाचं टोक पावलाशेजारी टेकवा आणि मूठ धरा. कोपर काटकोनात आलं म्हणजे लांबी बरोबर. अंदाजासाठी: उंची 5 फूट 1 इंचापेक्षा कमी असेल तर 100 सेंटीमीटर, 5 फूट 7 इंचांपर्यंत 110, 5 फूट 11 इंचांपर्यंत 120 आणि त्याहून उंच माणसाला 130. नळीवर आकडे छापलेले असतात. तुमचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून ठरतं.

चढावर त्यातून 5 ते 10 सेंटीमीटर कमी करा. उतारावर तेवढेच वाढवा. डोंगराला वळसा घालत आडवं जाणाऱ्या वाटेवर वरच्या बाजूचा पोल आखूड आणि दरीकडचा लांब ठेवा.

तीन भागांच्या पोलात दोन्ही सांधे साधारण सारखे बाहेर काढा. एक पूर्ण ओढून दुसरा आत ठेवला तर नळी कमकुवत होते. नळीवर ‘स्टॉप’ची खूण असते, तिच्या पुढे कधीच ओढू नका.

5. पट्टा हातात घालायची पद्धत

बहुतेक जण मुठीला जोडलेल्या पट्ट्यात वरून हात घालतात आणि मूठ करकचून धरतात. त्याने तासाभरात बोटं आखडतात आणि सगळा जोर पंजावर येतो. हात खालून वर, पट्ट्याच्या गोलातून काढा, मग तो खाली आणत पट्टा आणि मूठ एकत्र धरा. पट्टा आता अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून जाऊन मनगटावर टेकतो. वजन पट्ट्यावर येतं, बोटं सैल राहू शकतात. एकदा घरात आरशासमोर करून बघा.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. जिथे पडायची शक्यता आहे तिथे पट्ट्यातून हात काढून घ्या. पडताना हात पट्ट्यात अडकलेला असेल तर पोल अंगठ्याला मागे खेचतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला बंध फाटू शकतो. घसारा, मोठे धोंडे, ओढा पार करणं, या तिन्ही ठिकाणी पट्टा नको.

6. सपाटी आणि चढ

उजवा पाय पुढे, तेव्हा डावा पोल पुढे. आपले हात चालताना तसेच हलतात, त्यामुळे मुद्दाम मोजत बसलात तरच गडबड होते. पोल हलकेच मागे ओढत चला आणि नजर वाटेवर ठेवा.

चढावर पोल शरीराच्या जवळ, पावलाच्या रेषेत टेकवा आणि मागे ढकला. दूर पुढे टेकवून स्वतःला वर ओढलंत तर खांदे लवकर भरून येतात. पायरी उंच असेल तर दोन्ही पोल एकदम वरच्या पायरीवर टेकवा आणि हातांचा जोर देऊन चढा.

7. उतार: खरं काम इथे

उतरणीच्या तोंडाशी थांबा. घाई असली तरी थांबा. दोन घोट पाणी प्या, पोल वाढवा, खटके पुन्हा दाबून बघा, बुटांच्या नाड्या घट्ट करा म्हणजे बोटं पुढे आपटणार नाहीत.

आता गुडघ्याइतकी उंच दगडी पायरी समोर आहे असं धरा. दोन्ही पोल खालच्या पायरीवर, पाऊल जिथे पडणार त्याच्या किंचित पुढे आणि दोन्ही बाजूंना टेकवा. टोक दगडावर धरलं आहे याची खात्री होईपर्यंत वजन टाकू नका. टोक सरकलं तर तिथेच जागा बदला. मग हातांवर भार घ्या, तळवे मुठीच्या वरच्या गोल भागावर असले तर जास्त सोपं जातं. भार हातांवर आला की पाय सावकाश खाली सोडा. पाऊल आवाज न करता टेकलं पाहिजे. धपकन आवाज आला म्हणजे वजन पोलांवर आलंच नव्हतं, पोल फक्त शेजारी होते.

हा क्रम पक्का ठेवा: पोल, भार, पाऊल. बहुतेक नवशिके पाऊल आणि पोल एकाच वेळी टाकतात, आणि मग पोलांनी फरक पडत नाही असं म्हणतात.

शरीर मागे झुकवू नका. उताराला घाबरून आपण मागे रेलतो, आणि त्यानेच बूट पुढे सरकून आपण बसकण मारतो. छाती किंचित पुढे, गुडघे थोडे वाकलेले, पावलं छोटी. मोठी पायरी एका दमात उतरण्यापेक्षा शेजारी छोटा दगड असेल तर दोन टप्प्यांत उतरा. पोल असले तरी गुडघा कमी वाकवणं हाच सगळ्यात मोठा आराम आहे.

एकच गुडघा दुखत असेल तर उंच पायरीवर दुखरा पाय आधी खाली सोडा. वजन पेलत वाकायचं काम मागे, वर राहिलेला पाय करतो, म्हणून वर राहणारा पाय चांगला हवा. दर अर्ध्या-पाऊण तासाने मांड्यांना पाच मिनिटं विश्रांती द्या, त्या थरथरायला लागायच्या आधी. ग्रुप पुढे जाऊ दे. लीडरला आधीच सांगून ठेवा की उतरताना तुम्हाला जास्त वेळ लागेल; चांगला लीडर त्यानुसार सगळ्यांना लवकर खाली काढतो.

8. पोल कुठे मिटायचे

हा भाग दोनदा वाचा. हातात पोल घेऊन कातळ चढणारी माणसं मी दर पावसाळ्यात बघतो आणि दर वेळी जीव वर-खाली होतो.

ज्या क्षणी हाताने काही धरावंसं वाटतं, तो क्षण पोल मिटायचा. कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्या, रतनगडाच्या शिड्या, गुंजवण्यातून राजगडाला चढताना चोर दरवाजाखालचं रेलिंग, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला जाताना तोलार खिंडीनंतरचा कातळटप्पा, या सगळ्या ठिकाणी दोन्ही हात मोकळे हवेत. हरिहरच्या पायऱ्यांवर तर बोटं घालून धरायला खोबणी कोरल्या आहेत; तिथे पोल पाठीवर घट्ट बांधलेलेच हवेत. सांधण दरीसारख्या धोंड्यांनी भरलेल्या घळीत पोल जवळजवळ निरुपयोगी आहेत, कारण हात-पाय दोन्ही वापरून चालावं लागतं.

पोल मनगटाला लटकवून शिडी चढू नका. तो पायात येतो किंवा खालच्या माणसाच्या तोंडावर जातो. टप्प्याच्या आधी, रुंद जागा बघून थांबा, मिटा, टोकं खाली करून सॅकच्या बाजूच्या खिशात घाला आणि वरून पट्टा आवळा. हे काम दोन मिनिटांत जमेल इतका घरी सराव करा. वेळ लागतो म्हणूनच लोक पोल हातात ठेवून चढतात.

जमिनीप्रमाणे टोकही बदलावं लागतं. माती, गवत, घसारा असेल तिथे रबरी टोपी काढा, धातूचं टोक रुतू दे. कोरडा कातळ, पायऱ्या, डांबरी रस्ता इथे टोपी लावा. गडावरच्या कोरीव पायऱ्या, देवळाची फरसबंदी, टाक्यांचे काठ इथे तर टोपी लावाच. धातूच्या टोकांनी दगडावर ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र ना टोपीवर विश्वास ठेवा, ना टोकावर. तिथे बसून, हात टेकून उतरणं सगळ्यात सुरक्षित आणि त्यात कमीपणा काही नाही.

ओढा पार करताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, एका वेळी एकच पाय किंवा एकच पोल हलवा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल किंवा वर पाऊस चालू असेल तर उतरूच नका. वीज कडकडायला लागली तर डोंगराच्या धारेवरून खाली या आणि पोल अंगापासून दूर ठेवा.

गर्दीच्या दिवशी मागच्याचा विचार करा. चढावर मागे गेलेलं टोक मागून येणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. दोन पोलांइतकं अंतर ठेवा आणि पोल काखेत आडवे धरून चालू नका.

9. पहिला सराव कुठे

थेट राजगडाला जाऊ नका. घराच्या जिन्यावर, टोप्या लावून, ‘पोल, भार, पाऊल’ हा क्रम आठवडाभर गिरवा. मग पुण्याच्या आसपासच्यांना सिंहगडाची आतकरवाडीची वाट चांगली आहे. कोरड्या दिवशी, सकाळी लवकर जा. मुंबईकरांना कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या. लांब चालीचा सराव हवा असेल तर लोणावळ्याहून राजमाची, कारण तिथे चाल लांब असली तरी मोठे चढउतार कमी आहेत. या तिन्हींत पोल कधी मिटायचे त्याची घाई होत नाही, त्यामुळे हात शिकतात.

बरोबरीने मांड्या बळकट करा. एका पायरीवर उभे राहून एक पाय सावकाश खाली सोडायचा, टाच टेकली न टेकली की पुन्हा वर. दुखणार नाही इतक्याच उंचीची पायरी घ्या. हा व्यायाम उतरणीचीच तालीम आहे आणि फिजिओथेरपिस्ट तो नीट करून घेतात. पोल आणि मजबूत मांड्या या दोन्हींची जोडी लागते.

10. घरी आल्यावर

पावसाळी ट्रेकनंतर पोल मिटलेले तसेच कपाटात टाकले की आत पाणी साचतं, ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि पुढच्या वेळी नळ्या सुटत नाहीत. घरी आल्याबरोबर तिन्ही भाग वेगळे करा, साध्या पाण्याने माती धुवा, फडक्याने पुसा आणि रात्रभर सुट्टे वाळू द्या. तेल किंवा ग्रीस लावू नका. तेलकट नळी लॉकमध्ये धरत नाही. ठेवताना खटके उघडे ठेवा.

टोकं झिजून गोल झाली की दगडावर धरत नाहीत, ती बदलून मिळतात. टोपीच्या तळाला भोक पडून आतलं टोक दिसायला लागलं की टोपी टाकून द्या. हिमालयातल्या ट्रेकसाठी विमानाने जाणार असाल तर पोल चेक-इनच्या बॅगेत घाला, केबिनमध्ये ते बहुधा अडवले जातात. तिथे पायथ्याच्या गावात भाड्याने घेणार असाल, तर पैसे द्यायच्या आधी प्रत्येक पोलावर पूर्ण वजन टाकून खटका तपासा.